व्हिसाच्या आधी पोपटाचं बघा

परदेशी जायचं ठरलं की घरात याद्या होतात. पासपोर्ट, मुलांचे शाळेचे दाखले, भाड्यानं द्यायचा फ्लॅट, विकायची गाडी, आईबाबांची औषधं. पिंजऱ्यातल्या पोपटाचा विषय निघतो तो शेवटच्या पंधरवड्यात, आणि बहुतेक वेळा घरातलं लहान मूल विचारतं म्हणून. तोवर तिकिटं काढून झालेली असतात, नोकरीवर रुजू व्हायची तारीख ठरलेली असते आणि पोपटासाठी करण्यासारखं फारसं काही हातात उरलेलं नसतं. मग कुणी त्याला गच्चीवरून उडवून देतं, कुणी सोसायटीच्या वॉचमनच्या हवाली करतं, कुणी एजंटाच्या हातावर पैसे ठेवून मोकळं होतं.

म्हणून माझं सांगणं आहे की पोपटाचा निर्णय सगळ्यात आधी घ्या. नोकरीला होकार कळवण्याआधी घेतलात तर उत्तम. कुत्रा किंवा मांजर परदेशी नेणं खर्चाचं आहे, पण ती वाट रुळलेली आहे. पोपटाची वाट कित्येक देशांकडे जातच नाही, आणि जिथं जाते तिथंही ती महिनोन्‌महिने आधी धरावी लागते.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करा. तुमच्या घरी आहे तो पोपट कोणता?

तो हिरवा, लाल चोचीचा, नराच्या गळ्याला गुलाबी-काळा पट्टा असलेला आपला नेहमीचा राघू असेल, किंवा खांद्यावर तांबडा डाग असलेला, बाजारात ‘पहाडी’ म्हणून मिळणारा मोठा पोपट असेल, किंवा जांभळट-गुलाबी डोक्याचा छोटा असेल, तर तो भारतीय वन्य पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात पाळणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर तर १९९०-९१ पासूनच बंदी आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीचा दंड २५ हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत गेला. कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते.

हे वाचून अनेकांना धक्का बसेल, कारण आपल्याकडे कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या पिंजरा टांगलेला आहे. आजीनं त्याला ‘विठू विठू’ म्हणायला शिकवलेलं असतं, तो हिरवी मिरची आवडीनं खातो, पाहुणे आले की ओरडतो. कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण हा पोपट शेतकऱ्याच्या आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीतून पिल्लू असताना काढलेला असतो. ढोलीतून काढलेल्या पिल्लांपैकी बाजारात पोचण्याआधी किती मरतात याचा हिशोब विकणारा तुम्हाला सांगत नाही. असा पोपट परदेशी नेण्याचा कुठलाही कायदेशीर मार्ग नाही. परवाना मागायला गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल की हा तुमच्याकडे आला कसा.

काही जण सांगतात, अहो, लंडनच्या बागांमध्ये हेच हिरवे पोपट थव्यानं उडताना आम्ही पाहिलेत, तिथं लोक ते पाळतात. खरं आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची तिथं वस्ती झाली आहे, आणि ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात पैदास केलेले राघू विकतही मिळतात. पण आपला कायदा आपल्याला लागू आहे. आणखी एक फसवी समजूत म्हणजे निळा किंवा पिवळा राघू ‘विदेशी’ असतो ही. विकणारे तसं छातीठोक सांगतात. रंग बदलला म्हणून पक्ष्याची जात बदलत नाही, आणि विमानतळावर त्या युक्तिवादाच्या भरवशावर उभं राहायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

मग या राघूचं करायचं काय? सोडून द्यायचं नाही, हे आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त माणसं हेच करतात आणि त्यात पुण्य आहे असं मानतात. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाच्या छातीचे स्नायू उडण्याएवढे बळकट झालेले नसतात. पुष्कळांची पिसं विकणाऱ्यानंच कापलेली असतात. ताटलीत भिजवलेली डाळ आणि पेरूची फोड एवढंच त्याला खाणं म्हणून ठाऊक असतं. झाडावरचं काय खावं हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. मांजर, कावळा, शिक्रा यांच्यापासून कसं वाचायचं ते थव्यात राहून शिकतात, आणि हा थव्यात कधी राहिलेलाच नाही. उलट माणसाची भीती गेलेली असल्यामुळे तो भुकेला झाला की पहिल्या दिसेल त्या खिडकीत जाऊन बसतो. गच्चीवरून त्याला उडवताना आपल्याला बरं वाटतं. त्याच्या वाट्याला बहुधा उपासमार किंवा मांजर येतं. कॉकटील किंवा बजरीगरसारख्या विदेशी पक्ष्याला सोडणं तर त्याहून वाईट, कारण त्याचा इथं थवाच नाही.

देशी पोपट वन विभागाकडे सोपवावा. महाराष्ट्र वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ हा १९२६ क्रमांक आहे, त्यावर फोन केला की जवळच्या कार्यालयाची वाट कळते. अशा पक्ष्यांना आधी तपासतात, आजारी असेल तर उपचार करतात, उडता येत असेल तर मोठ्या पिंजऱ्यात इतर पोपटांबरोबर ठेवून हळूहळू तयार करतात, आणि सोडण्याजोगा नसेल तर त्याला सांभाळतात. लोक कारवाईच्या भीतीनं फोन करत नाहीत. कायद्यात काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही. पण स्वतःहून पक्षी नेऊन देणारा माणूस आणि सामानात पक्षी लपवताना सापडलेला माणूस यांच्याकडे कुणीही एकाच नजरेनं पाहत नाही, एवढं नक्की. मुलांनाही हे खरं कारण सांगा. ‘तो उडून गेला’ असं सांगू नका. मुलं वर्षानुवर्षं खिडकीत त्याची वाट बघतात.

आता विदेशी पक्ष्यांकडे वळू. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा, कॉकटील, कोन्यूर, लव्हबर्ड, बजरीगर असे पक्षी पुण्या-मुंबईतल्या घरांत आता सर्रास दिसतात. यांच्या बाबतीत मार्ग आहे, पण तो कागदांचा आहे आणि त्यातला पहिला कागद आपल्याकडे असतो की नाही यावर सगळं ठरतं.

वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७३ साली एक करार झाला, त्याला साइटीस म्हणतात. भारत १९७६ पासून त्यात आहे. जगातले जवळपास सगळे पोपट या कराराच्या याद्यांत येतात. बजरीगर, कॉकटील, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला राघू हे चारच वगळलेले आहेत. आफ्रिकन ग्रे २०१७ पासून सगळ्यात कडक अशा पहिल्या यादीत आहे, कारण आफ्रिकेतल्या जंगलांतून तो इतका पकडला गेला की जिथं थवे असत तिथं तो दिसेनासा झाला. पहिल्या यादीतल्या पक्ष्यासाठी आधी ज्या देशात जायचं त्याचा आयात परवाना लागतो, आणि तो हातात आल्यावरच इथला निर्यात परवाना मिळू शकतो. दुसऱ्या यादीतल्यांना किमान निर्यात परवाना लागतो. युरोपीय संघ आणि ब्रिटन त्यांच्यासाठीही आयात परवाना मागतात. राघूचं नाव या याद्यांत नाही म्हणून तो नेता येतो असा अर्थ काही एजंट काढून देतात. तो चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय करारात सूट मिळाली तरी भारतीय कायदा सूट देत नाही.

निर्यात परवाना देताना सरकार विचारतं की पक्षी कायदेशीर मार्गानं मिळवला होता का. इथं बहुतेकांचं घोडं अडतं. क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुणाच्या ओळखीनं, रोख पैसे देऊन, खोक्यात घालून आणलेल्या पक्ष्याची पावती नसते. याद्यांत येणारे विदेशी पक्षी पाळणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी असा नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आला. आधीच पक्षी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, नव्यानं घेणाऱ्यांना तीस दिवसांची आहे. ही नोंदणी तुमच्याकडे आहे का ते आज बघा. पायात बंद कडी आहे का तेही बघा. ही कडी पिल्लू काही दिवसांचं असताना, पंजा तिच्यातून जातो तेव्हाच चढवता येते, म्हणून तो पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याचा ती एक पुरावा धरला जातो. मोठ्या पक्ष्याला मायक्रोचिपही बसवता येते.

अर्जावर शास्त्रीय नाव लिहा. आपल्या बाजारात बजरीगरलाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, आणि एका नावाचा कागद व दुसऱ्याच जातीचा पक्षी घेऊन गेलात तर कुठलाही अधिकारी तो परत पाठवेल. विदेशी पक्ष्यांच्या निर्यातीवर परकीय व्यापार महासंचालनालयाचेही वेगळे निर्बंध आहेत. तुमच्या जातीला परवानगी मिळू शकते का, याचं उत्तर आधी लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ या शब्दावर कुणीही तिकीट काढू नये.

कागद झाले तरी पुढचा देश पक्षी घेतो का, हा निराळा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलिया घेत नाही. पाळीव पक्षी तिथं फक्त न्यूझीलंडमधून नेता येतो. कॉकटील आणि बजरीगर मुळातले ऑस्ट्रेलियाचेच, तरी भारतात जन्मलेल्या कॉकटीलला मेलबर्नचं दार बंद आहे. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे तिकिटं काढल्यावर कळलं. बारा वर्षांच्या मुलीनं हातानं भरवून वाढवलेला पक्षी होता. शेवटी तो तिच्या मावशीकडे राहिला आणि सुखात आहे, पण निघण्याआधीचे ते दिवस त्या मुलीला फार जड गेले. सहा महिने आधी कळलं असतं तर तिला सावरायला वेळ मिळाला असता. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

अमेरिका घेते, पण अटींवर. तिथल्या कृषी खात्याचा आयात परवाना, सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, आणि पोचल्यावर सरकारी विलगीकरण केंद्रात तीस दिवस. केंद्रात जागा आधी राखावी लागते आणि खर्च मालकाचा असतो. याशिवाय १९९२ चा वन्य पक्षी संरक्षण कायदा आहे. त्यानुसार याद्यांमधला पाळीव पोपट नेणारा माणूस किमान एक वर्ष सलग अमेरिकेबाहेर राहिलेला असावा लागतो आणि वर्षाला दोनच पक्षी नेता येतात. म्हणजे जो आधीच तिथं राहतो आणि सुट्टीत येऊन आईबाबांचा आफ्रिकन ग्रे सोबत नेऊ पाहतो, त्याला हा मार्ग नाही. युरोपीय संघात सोबत नेता येणारे पाळीव पक्षी पाचपर्यंत. तिथं निघण्याआधी तीस दिवसांचं विलगीकरण, बर्ड फ्लूची लस किंवा तपासणी, नाहीतर पोचल्यावर विलगीकरण, असे पर्याय असतात. आखाती देशांत पक्ष्यांवरची बंदी बर्ड फ्लूच्या बातमीबरोबर येते आणि जाते, त्यामुळे तिथं जाणाऱ्यांनी परवाना हातात असला तरी निघायच्या आठवड्यात पुन्हा विचारावं.

ही सगळी अडवणूक वाटते. तशी ती नाही. १९२९-३० साली पोपटांमधून माणसांत पसरणारा सिटॅकोसिस हा न्यूमोनियासारखा आजार अनेक देशांत पसरला, माणसं दगावली आणि जानेवारी १९३० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांना पोपटांच्या आयातीवर बंदीचा आदेश काढावा लागला. १९७१ साली कॅलिफोर्नियात राणीखेत या पक्ष्यांच्या रोगाचा घातक प्रकार आयात केलेल्या पोपटांमधून कोंबड्यांत शिरला आणि सुमारे एक कोटी वीस लाख पक्षी मारावे लागले. २००५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये विलगीकरणात ठेवलेल्या आयात पक्ष्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. तो विलगीकरणात सापडला म्हणून तिथंच थांबला. आपल्याला तर दुसरीकडे बघायचीही गरज नाही. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांची उभी पाखरं डोळ्यांदेखत पुरली गेली. ज्यांनी ते पाहिलं त्यांना विलगीकरणाचे तीस दिवस जास्त वाटणार नाहीत.

म्हणूनच पक्षी लपवून नेऊ नका. खिशात, बाटलीत, सामानात कोंबलेले पोपट विमानतळांवर सापडतात आणि पुष्कळदा ते मेलेले सापडतात. ‘माझा तर पाळीव आहे, एकच आहे’ या म्हणण्याला तिथं अर्थ नसतो. पक्षी जप्त होतो, तो मारला जाऊ शकतो, आणि नव्या देशात तुमच्या नावावर पहिली नोंद होते ती गुन्ह्याची. व्हिसा जाईल ते वेगळंच. पैसे घेऊन ‘सेटिंग’ करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कागद जमले, देशही घेतो म्हणाला, तर पुढची तयारी पक्ष्याची. ती सहा महिने आधी सुरू करा आणि आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी तपासतो असं नाही. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात पक्ष्यांवरही उपचार होतात, मोठ्या शहरांत आता फक्त पक्षी बघणारे डॉक्टरही आहेत. सिटॅकोसिस आणि चोच-पिसांच्या आजाराच्या चाचण्या करून घ्या. पक्षी आजार लपवतो. रानात आजारी दिसणारा पक्षी आधी शिकार होतो, म्हणून तो शेवटपर्यंत ठीक असल्यासारखा वागतो. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर त्याचं वजन घ्यायची सवय लावा. वजन उतरू लागलं की आजार डोळ्यांना दिसायच्या आधी कळतो.

विमानात पोपट बहुतेक वेळा केबिनमध्ये घेत नाहीत, तो कार्गोतून जातो. आखाती कंपन्या ससाण्यांना केबिनमध्ये घेतात हे ऐकून लोक पोपटाचाही आग्रह धरतात, पण ती सवलत ससाण्यांपुरती आहे. प्रवासाचा पिंजरा आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या जिवंत प्राण्यांच्या नियमांप्रमाणे असावा लागतो. मजबूत, हवा खेळती राहील असा, चोच बाहेर येणार नाही एवढ्या छिद्रांचा, आत बसायला दांडी, शेपूट तळाला लागणार नाही एवढी उंची, आणि दार न उघडता बाहेरून पाणी घालता येईल असं भांडं. पोपट लाकूड कुरतडतो, म्हणून आतून जाळी लागते.

हा पिंजरा घरात तीन-चार महिने आधी आणून ठेवा. दार उघडं ठेवा. त्याच्या आवडीचं खाणं त्यातच द्या. मग दार लावून पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. मग रिक्षातून, गाडीतून एक चक्कर. अर्धवट अंधार पोपटाला शांत करतो, त्यामुळे वरून पातळ कापड घालायची सवयही लावा. ज्या पक्ष्याला हे आधी शिकवलेलं असतं तो प्रवासात बसून राहतो. ज्याला निघायच्या दिवशी पकडून कोंबलेलं असतं तो जाळीवर आपटून घेतो. कॉकटील रात्री अंधारात दचकून फडफडतात आणि पंख मोडून घेतात, त्यांना मंद उजेड लागतो. हे तुमच्या कार्गोच्या माणसाला सांगा. झोपेचं औषध मात्र कधीही देऊ नका. उंचीवर, थंडीत, गुंगीतल्या पक्ष्याचा तोल जातो, श्वास मंदावतो आणि तो मरू शकतो. ओलाव्यासाठी सफरचंदाच्या फोडी ठेवा, त्या उतरण्याआधी तिथं टाकून द्याव्या लागतील. मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या देशाचीही परवानगी लागू शकते. शक्यतो थेट विमान घ्या, पैसे जास्त गेले तरी चालतील.

विलगीकरणाच्या तीस दिवसांची तयारीही इथूनच करायची. तिथं घरची पोळी, भिजवलेली डाळ, डाळिंबाचे दाणे मिळायचे नाहीत. पोपट अनोळखी खाण्याकडे दिवसचे दिवस बघतही नाही. म्हणून दोन महिने आधीपासून पेलेट्सची, म्हणजे तयार गोळ्यांच्या खाण्याची सवय लावा, हळूहळू, जुन्या खाण्यात मिसळून. आणि मनाची तयारी ठेवा, की विलगीकरणात बर्ड फ्लू किंवा राणीखेत निघाला तर पक्षी प्रवेशाला मुकतो, मारलाही जाऊ शकतो. ही जोखीम घरातल्या सगळ्यांनी मिळून, मुलांना सांगून, स्वीकारायची किंवा नाकारायची आहे.

तिथल्या घराबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. नॉनस्टिक तवा रिकामा तापून धुरावला की त्या वाफेनं पोपट काही मिनिटांत मरतो. माणसाला वासही धड येत नाही. पक्ष्याची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या आपल्यापेक्षा कितीतरी जोरानं हवेतलं सगळं ओढून घेतात, विषही. थंड देशांत खिडक्या बंद असतात, भाड्याच्या घरात आधीपासून नॉनस्टिक भांडी, स्वतः तापून स्वच्छ होणारं ओव्हन, तसाच लेप दिलेले हीटर असतात. लोखंडी तवा इथून न्या आणि ती भांडी बाहेर काढा. घर घेताना भाडेकरारात पक्षी चालतो का तेही लिहून घ्या. पोपट सकाळी आणि संध्याकाळी ओरडणारच, आणि शेजाऱ्याची तक्रार पहिल्याच महिन्यात येऊ शकते.

एवढं सगळं वाचल्यावर कुणाला वाटेल की नेऊच नये. पुष्कळांच्या बाबतीत खरोखर नेऊ नये, आणि ते म्हणायला मला संकोच नाही. दोन-तीन वर्षांसाठी जात असाल तर नेऊ नका. परत येताना भारतही बर्ड फ्लू असलेल्या देशांतून पक्षी आणण्यावर निर्बंध घालतो, आणि नेलेला पक्षी तिकडेच अडकायची वेळ येते. पक्षी म्हातारा असेल, पिसं उपटून घ्यायची सवय असेल, अनोळखी माणसाला बघूनच थरथरत असेल, तर त्याला विमानात घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे. चांगल्या माणसाकडे ठेवून जाणं म्हणजे त्याला टाकून जाणं नव्हे. ही अपराधी भावना मनातून काढा, कारण तिच्यामुळेच माणसं न झेपणारा प्रवास पक्ष्यावर लादतात.

पण तो चांगला माणूस शोधायला वेळ द्या. आपल्याकडे सहज होतं ते असं की पोपट आजी-आजोबांकडे राहतो. त्यांनाही सोबत होते, हे खरं. मात्र आफ्रिकन ग्रे चाळीस ते साठ वर्षं जगतो, मकाव पन्नासच्या वर, कॉकटीलसुद्धा पंधरा-वीस वर्षं. सत्तरीतल्या आईच्या हाती दहा वर्षांचा आफ्रिकन ग्रे देताना तिच्या पश्चात तो कुणाकडे जाईल हे ठरवून, त्या माणसाशी बोलून, लिहून ठेवा. तिला गुडघेदुखी असेल तर रोज पिंजरा कोण धुणार, तेही ठरवा. ठेवणारं घर मिळालं की पक्षी तिकडे निघायच्या दोन महिने आधी हलवा आणि तुम्ही अधूनमधून भेटायला जा. त्याला नवं माणूस तुम्ही समोर असताना कळू दे. काय खातो, केव्हा झोपतो, कशाला घाबरतो, कुठल्या हाकेला उत्तर देतो हे कागदावर लिहून द्या. परिवेशवरची नोंदही त्या माणसाच्या नावावर करून द्या, नाहीतर पुढं त्याला कागदांचा ताप होईल. दर महिन्याला खाण्याचे आणि डॉक्टरचे पैसे पाठवा. न मागता पाठवा. नातेवाईक मागत नाहीत.

शेवटी, ज्यांनी अजून पक्षी घेतलेला नाही त्यांना एक विनंती. मुलगा जीआरईचा अभ्यास करतोय, मुलीचा कॅनडाचा अर्ज गेलाय, नवऱ्याच्या कंपनीत बदलीची चर्चा आहे, अशा घरांत वाढदिवसाला पोपट येऊ देऊ नका. पोरांचा हट्ट मोडवत नसेल तर त्यांना घेऊन पहाटे एखाद्या तळ्याकाठी किंवा टेकडीवर जा आणि राघूंचा थवा पेरूच्या बागेकडे जाताना दाखवा. परदेशी जायचा विचार असेल तर पोपट घेऊ नका.